शेपटीकडून

कावीच्या मगन माछीनं पाठवलेला शिंगाळा
मंगळवारी आला, गोणपाटात, एसटीच्या टपावरून.
पादऱ्यापर्यंत बर्फ टिकला, कंडक्टर म्हणाला,
पुढं तुमचं नशीब.
मुलं खिडक्यांकडे सरकली.
सुरी मी घेतली. एकतीस वर्षं मीच घेतो.

पोट जवळजवळ रिकामं. खेकड्याची एक नांगी, थोडी रेती.
पण पोटाच्या पिशवीबाहेर, काळजाला टेकून,
काळपट दोरासारखं काहीतरी वेटोळं करून बसलेलं,
पातळ पापुद्र्यात करकचून बांधलेलं,
प्रवासाला निघालेल्या लोणच्याच्या बरणीला
आई फडकं बांधायची, तसं.

कर्णिक बाई (मुलं त्यांना बेन म्हणतात, मी बाई)
म्हणाल्या, सापवाम आहे, हात लावू नका.
मग स्वतःच लावला.

ही चिखलात उलटी शिरते, त्या सांगत होत्या.
आधी शेपूट.
टोकाला पर नाही, नुसता टणक खिळा,
राहुटीच्या खुंटीसारखा.
अंग वळवळत मागे मागे जातं
आणि तोंड शेवटपर्यंत दाराशी.
खवलं नाहीत. अंगाच्या चिकट्यानंच
बिळाची भिंत लिंपून होते.
वरच्या ओठातून दोन नळ्या लोंबतात, तेच नाक.
दिवसभर ती म्हणजे चिखलातले दोन डोळे,
रात्री भरती चढली की खेकडे, कोळंबी,
बेसावध निवटा.

आणि लहानपणी?
लहानपणी ती काचेचं पान असते.
आरपार दिसणारं, चपटं,
महिनोन्महिने समुद्रात वाहणारं.
कुठल्या चिखलाशी थांबायचं हे पानाला कोण सांगतं,
ते बाईंनाही ठाऊक नाही.
हे त्यांनी इतक्या सहज कबूल केलं
की मी सुरी खाली ठेवली.

तर शिंगाळ्यानं हिला गिळलं. अख्खी, जिवंत.
आत काळोख, भाजणारा रस, भिंती जवळ जवळ येणाऱ्या.
हिला आयुष्यात एकच काम येत होतं.
तिनं शेपूट टेकली
आणि पोटाला चिखल समजून खणलं.
भिंत फुटली.
ती बाहेर आली.

ते बाहेर नव्हतं.

शिंगाळ्यानं भोक बुजवलं. पोहत राहिला.
त्याच्या अंगानं हिच्याभोवती पापुद्रा विणला,
रागानं नाही, अंगं तसं करतातच.
खंबातच्या आखातात किती भरत्या आल्या-गेल्या असतील
तो हिला घेऊन हिंडत होता,
त्याला कल्पना नसताना.

फॉर्मलीन ओतलं. चिठ्ठी लिहायला घेतली.
नाव बाईंनी सांगितलं, तारीख भिंतीवर होती.
स्थळ?
कावी, हेतवी म्हणाली.
कावी शिंगाळ्याचं, मी म्हटलं. हिचं कुठलं?
ती हसली. काका, तमारुं गाम कयुं?
इथलंच, मी म्हणालो. दांडिया बाजार.
नहीं, मूळ?

मी पेन झटकलं. शाई वाळली होती.
मग सावकाश, माझ्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं:
शिंगाळ्याच्या पोटाबाहेर, अंगाच्या आत.
बाई बराच वेळ चिठ्ठीकडे बघत राहिल्या.
शास्त्रात असं चालत नाही, फणसे.
पण खोडलं नाही.

रात्री बोळाच्या तोंडाशी स्कूटर बंद केली.
बोळ इतका अरुंद की आत वळवता येत नाही,
वडीलही सायकल अशीच न्यायचे:
मागचं चाक आधी,
एक हात भिंतीला लावून, पायानं दगड चाचपत.
दिवा रस्त्याकडे.
समोरचा छाशवाला शटर ओढता ओढता म्हणाला,
आज मोडुं थयुं?
थयुं, म्हटलं,
आणि आणखी दोन पावलं मागे सरलो.